पित्ताशयातला खडा: गप्प आणि बोलका

सोनोग्राफी वेगळ्याच कारणासाठी झालेली असते. कंपनीची वार्षिक तपासणी, गर्भाशयाची गाठ, मुतखड्याचा संशय, काहीही. अहवालाच्या मधल्या एखाद्या ओळीत मात्र अनपेक्षित मजकूर निघतो: पित्ताशयात खडे आहेत. तोवर त्या माणसाला पित्ताशय नेमकं कुठे असतं हेही ठाऊक नसतं. संध्याकाळपर्यंत घरात मतांचा बाजार भरतो. एक म्हणतो, उद्याच काढून टाका, आत फुटलं तर? दुसरा कुळथाचं पाणी सुचवतो. तिसऱ्याच्या मोबाइलवर सफरचंदाच्या रसाचा उतारा आधीच येऊन पडलेला असतो.

याच शहरात, कदाचित त्याच सोसायटीत, दुसरं एक घर असतं. तिथे चाळिशीतल्या बाईंना लग्नाच्या पंगतीनंतर रात्री अकरा-बाराच्या सुमारास छातीच्या खळगीत कळ येते. दोन तास जीव नकोसा होतो, उलटी होते, पहाटे आपोआप थांबतं. सोडा, थंड दूध, आमसुलाचं सार, ओवा आणि काळं मीठ असं सगळं होतं. ‘ॲसिडिटी आहे, तेलकट सोसत नाही’ असा निकाल लागतो आणि दोन-तीन वर्षं तशीच जातात. सोनोग्राफी कुणी करत नाही.

पहिल्या घरातली घाई बहुतेक वेळा अनाठायी असते. दुसऱ्या घरातली दिरंगाई जिवावर बेतू शकते. पित्ताशयाच्या खड्यांबद्दल आपल्याकडे भीतीची वाटणी अशी उलटी झालेली आहे.

पित्तरस तयार होतो यकृतात, दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर. त्याची कामं दोन. अन्नातल्या स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करून ते पचनासाठी मोकळे करायचे, आणि शरीराला नको असलेलं कोलेस्टेरॉल व बिलिरुबिन आतड्यावाटे बाहेर घालवायचं. बिलिरुबिन म्हणजे जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर उरणारं पिवळं रंगद्रव्य. पित्ताचा रंग त्याचाच. यकृताचं काम रात्रंदिवस चालू असतं, पण आपण रात्रंदिवस जेवत नाही. म्हणून जेवणांच्या मधल्या काळात हा रस यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या एका नासपतीच्या आकाराच्या पिशवीत साठतो. तिच्यात मावतात जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर. एवढ्याशा जागेत काम भागावं म्हणून पित्ताशय रसातलं पाणी शोषून घेऊन तो पाच-दहा पट दाट करतं. जेवणातलं तूप-तेल लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं, पित्ताशय आकसतं आणि दाट पित्त मुख्य नलिकेतून आतड्यात येतं.

ही मुख्य पित्तनलिका आतड्याला मिळते त्याच तोंडाशी स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. दोन्हींच्या सामाईक तोंडावर स्नायूची एक गोल झडप आहे. तिला रुग्जेरो ओड्डी या इटालियन डॉक्टराचं नाव आहे. १८८७ मध्ये त्याने तिचं वर्णन केलं तेव्हा तो पेरूजा इथे विद्यार्थीच होता. दोन अवयवांना मिळून एकच दरवाजा, ही रचना वाचकाने ध्यानात ठेवावी. खड्यामुळे होणारे सगळ्यात वाईट घोटाळे याच दरवाजाशी होतात.

खडा धरतो कसा? कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तात ते तरंगत राहतं ते पित्तक्षार आणि लेसिथिन या दोन घटकांच्या आधाराने. या तिघांचं प्रमाण बिघडलं, कोलेस्टेरॉल वाढलं किंवा त्याला सावरणारे क्षार कमी पडले, की पाक साखरतो तसं ते स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडू लागतं. ॲडमिरँड आणि स्मॉल या अमेरिकन संशोधकांनी १९६८ मध्ये हे प्रमाण एका त्रिकोणी आलेखात मांडलं. तिन्ही घटक मोजले की पित्त स्वच्छ राहील की स्फटिक धरील ते त्या आलेखावरून सांगता येतं. अर्थात केवळ रसायन पुरत नाही. पित्ताशय आळसावलेलं असावं लागतं, म्हणजे नीट रिकामं न होणारं; आणि त्याच्या अस्तरातून पाझरणाऱ्या बुळबुळीत स्रावात ते स्फटिक अडकावे लागतात. आधी नुसता गाळ दिसतो. अहवालात ‘स्लज’ लिहिलेला असतो तो हाच. गाळ कधी आपोआप निघून जातो, कधी त्याचे खडे होतात. रव्याच्या कणापासून सुपारीपेक्षा मोठ्या गोळ्यापर्यंत त्यांचा आकार काहीही असू शकतो, संख्या एकापासून शेकड्यांपर्यंत. एकमेकांना घासून घासून कित्येकांना हिऱ्यासारखे पैलू पडलेले असतात.

रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल ठीक आहे म्हणजे खडे होणार नाहीत, असा हिशेब मात्र चालत नाही. यकृत पित्तात किती कोलेस्टेरॉल सोडतं हा स्वतंत्र कारभार आहे.

सगळेच खडे कोलेस्टेरॉलचे नसतात. तांबड्या पेशी भराभर मोडत असतील तर बिलिरुबिनचा लोंढा वाढतो आणि काळेकुळकुळीत, ठिसूळ खडे तयार होतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेल असलेल्या मुलांना शाळेच्या वयातही पित्ताशयाचे खडे होतात. अशा मुलाचं पोट वरचेवर दुखू लागलं तर दर वेळी ‘सिकलसेलचीच कळ’ म्हणून सोडून देणं बरोबर नाही. थॅलसेमियाचंही तसंच. तिसरा प्रकार तपकिरी, मऊसर खड्यांचा. तो पित्तनलिकेतल्या जंतुसंसर्गातून होतो आणि पूर्व आशियात अधिक दिसतो. आपल्या देशातही सगळीकडे सारखं चित्र नाही. उत्तर भारतात खड्यांचं प्रमाण दक्षिणेपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि तिथले खडे मुख्यतः कोलेस्टेरॉलचे. दक्षिणेत रंगद्रव्याच्या खड्यांचा वाटा मोठा.

(जनावरांनाही पित्ताचे खडे होतात. पूजेच्या आणि जडीबुटीच्या दुकानात मिळणारं गोरोचन म्हणजे गाई-बैलाच्या पित्ताशयातला खडा. चिनी औषधांत त्याला इतकी मागणी आहे की वजनाला वजन ठेवलं तर ते सोन्याहून महाग पडतं. माणसाच्या खड्याला मात्र कुणी विचारत नाही.)

खडे कुणाला जास्त होतात, याची यादी बहुतेकांनी ऐकलेली असते: बाई, चाळिशी, लठ्ठपणा, बाळंतपणं. यामागे कारणं आहेत. इस्ट्रोजेनमुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं. गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्तावतं. गरोदरपणात जमलेला गाळ बाळंतपणानंतर पुष्कळदा निघून जातो, पण दर खेपेला जातोच असं नाही. मधुमेह आणि आनुवंशिकता ही आणखी दोन कारणं. आनुवंशिकतेचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोनातले पिमा आदिवासी. १९७० मध्ये तिथे झालेल्या पाहणीत पंचविशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक जणींना पित्ताशयाचा विकार आढळला होता.

पण लठ्ठपणाची भीती घालताना दुसरी बाजू सांगायची राहून जाते. झपाट्याने वजन उतरवणं हेही खडे होण्याचं ठळक कारण आहे. चरबी वितळते तसं तिच्यातलं कोलेस्टेरॉल पित्तात उतरतं, आणि खाणंच कमी झाल्यामुळे पित्ताशय आकसत नाही. दोन्ही गोष्टी एकदम घडतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वजन घटत असेल तर हा धोका वाढतो. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर म्हणूनच काही महिने खडे होऊ नयेत यासाठी गोळ्या देतात. दिवसेंदिवस कडकडीत उपाशी राहण्याचाही परिणाम असाच. आपल्या एकादशीबद्दल मात्र चिंता नको. शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेल्या साबुदाण्याच्या खिचडीवर चालणाऱ्या उपवासात पित्ताशयाला सुटी मिळण्याची शक्यता कमीच.

आता पहिल्या घराच्या प्रश्नाकडे. काहीच त्रास नसताना खडे सापडले, तर काय करायचं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला नामांकित सर्जन विल्यम मेयो याचं मत ठाम होतं: निरुपद्रवी खडा ही कल्पनाच खोटी आहे. पुढे अनेक दशकं सर्जन त्याच मताने चालले. मग १९८२ मध्ये ग्रेसी आणि रॅन्सोहॉफ यांनी मिशिगन विद्यापीठातल्या १२३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मंडळींमध्ये तपासणीत खडे सापडले होते, पण त्रास नव्हता. त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. वीस वर्षांत खड्याची कळ येण्याचं प्रमाण निघालं सुमारे १८ टक्के. बाकीचे आपले खडे घेऊन सुखाने जगत होते. नंतरच्या अभ्यासांत हे आकडे थोडेफार बदलले, तरी निष्कर्ष टिकला. गप्प खडा असलेल्यांपैकी वर्षाला शंभरात एक ते चार जणांना त्रास सुरू होतो, आणि तो सुरू होतो तो बहुधा साध्या कळेने. एकदम प्राणांतिक प्रसंगाने क्वचितच.

म्हणून गप्प खड्याला हात लावू नये, हाच आजचा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. अपवाद आहेत. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असणं, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साचणं, खड्यांच्या जोडीला पित्ताशयात मोठा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची वाढ, असणं, सिकलसेलसारखा आजार असणं. पहिल्या तिन्हींत चिंता कर्करोगाची असते. पित्ताशयाचा कर्करोग जगात दुर्मीळ गणला जातो, पण चिलीमध्ये आणि आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेश-बिहारच्या पट्ट्यात, विशेषतः स्त्रियांमध्ये तो बराच दिसतो. तिथले काही सर्जन गप्प खड्यांबद्दलही वेगळा विचार करतात आणि त्यांना दोष देता येत नाही. महाराष्ट्रात बसून त्यांचा नियम सरसकट लावणं मात्र बरोबर नाही.

दुसऱ्या घराची गोष्ट वेगळी. तिथला खडा बोलू लागलेला आहे.

जेवणानंतर पित्ताशय आकसतं आणि एखादा खडा त्याच्या मानेशी येऊन अडकतो. नळीचं तोंड बंद, मागून पिशवी जोर लावतेय. ती कळ तिथून येते. ती पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली उठते, पाठीत उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाते, आणि मुरड्यासारखी येत-जात न राहता चढत जाऊन ठाण मांडते. अर्धा तास ते चार-पाच तास. खडा सरकून मागे पडला की थांबते, आणि माणूस सकाळी ठणठणीत असतो. या ठणठणीतपणानेच घात होतो. ॲसिडिटीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं, गोळीने किंवा सोड्याने बरं वाटतं. खड्याच्या कळेला सोड्याचं काही सोयरसुतक नसतं. ती आपल्या वेळेने जाते आणि श्रेय सोड्याला मिळतं. उलट बाजूही सांगायला हवी. पोट फुगणं, ढेकर, करपट चव हे खड्यामुळे होतंच असं नाही. अशा तक्रारींसाठी पित्ताशय काढून घेतलेल्यांची निराशा होते, कारण तक्रारी शस्त्रक्रियेनंतरही तशाच राहतात.

आणखी एक सावधगिरी. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका अगदी अशीच, छातीच्या खळगीतली कळ देऊ शकतो. पन्नाशीच्या माणसाला अशी कळ पहिल्यांदाच आली तर आधी ईसीजी, मग बाकीचं. खडा आणि हृदय यांची ही गुंतागुंत जुनी आहे. चीनमध्ये हुनान प्रांतातल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे १९७२ मध्ये एक थडगं उघडलं गेलं. त्यात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या शिन झुई नावाच्या सरदारपत्नीचा देह थक्क करणाऱ्या अवस्थेत टिकलेला होता. शवविच्छेदन करता आलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या होत्या, पित्तनलिकेत खडा होता आणि पोटात खरबुजाच्या १३८ बिया. तज्ज्ञांचा तर्क असा की खाल्ल्यानंतर खड्याची कळ उठली आणि तिच्या ताणाने हृदय बंद पडलं. पन्नाशीतली, सुखवस्तू, गोडाधोडाची सवय असलेली बाई. आजच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर ती परकी वाटली नसती.

पित्ताशयातले खडे पाहायला सोनोग्राफीइतकी सोपी आणि भरवशाची तपासणी दुसरी नाही. सहा-आठ तास उपाशीपोटी जायचं एवढंच. साध्या एक्स-रेत शंभरातले दहा-पंधराच खडे दिसतात. सीटी स्कॅन महाग असूनही कोलेस्टेरॉलचे काही खडे त्यात सुटतात.

खडा मानेत रुतून बसला आणि मागे सरकला नाही, तर पित्ताशय सुजतं. कळ सहा तास उलटूनही थांबत नाही, ताप येतो, उजव्या बरगडीखाली हात दाबून श्वास घ्यायला सांगितलं की रुग्णाचा श्वास अर्ध्यावर अडकतो. ही खूण शिकागोच्या जॉन मर्फी या सर्जनच्या नावाने ओळखली जाते. यापुढे पू, सडणं, फुटणं. वृद्ध आणि मधुमेही रुग्णांत गंमत अशी, खरं तर गंमत कसली, की दुखणं कमी आणि सडणं जास्त असतं. चित्रकार अँडी वॉरहॉलला खड्यांचा त्रास कित्येक वर्षं होता. १९६८ मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि तेव्हापासून त्याने रुग्णालयाची धास्तीच घेतली होती. शस्त्रक्रिया तो टाळत राहिला. फेब्रुवारी १९८७ मध्ये नाइलाजाने ती झाली तेव्हा पित्ताशय सडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला, वयाच्या ५८ व्या वर्षी.

हे झालं पित्ताशयातच राहिलेल्या खड्याचं. खरी पंचाईत खडा बाहेर पडला की होते. लोकांना वाटतं, छोटा खडा बरा, निघून जाईल. मुतखड्याच्या बाबतीत ते खरं आहे. तो लघवीवाटे बाहेर पडतो आणि माणूस सुटतो. पित्ताशयातून निसटलेला खडा मात्र त्या सामाईक दरवाजाकडे जातो. सुपारीएवढ्या खड्याला ती वाट बंदच असते. मोहरीएवढा, ज्वारीएवढा खडा सहज शिरतो. म्हणून अहवालात ‘बारीक बारीक अनेक खडे’ असं वाचून हुश्श करण्यात अर्थ नाही.

असा खडा मुख्य नलिकेत अडकला की पित्त रक्तात उलटतं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, अंगाला खाज. कावीळच ही, पण विषाणूची नव्हे. आपल्याकडे कावीळ म्हटलं की गळ्यात माळ पडते, कुणी हातावर चुना लावून पिवळं पाणी काढून दाखवतो, उसाचा रस सुरू होतो. विषाणूची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, त्यामुळे माळवाल्याचं नाव होतं. खड्याची कावीळ माळेने उतरत नाही. मध्ये खडा सरकून दोन दिवस रंग फिका पडतो, घरचे निश्चिंत होतात, आणि साठलेल्या पित्तात जंतू वाढत राहतात. कळ, कावीळ आणि थंडी वाजून ताप ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर पित्तनलिकेत संसर्ग झालेला आहे, असं फ्रेंच डॉक्टर शार्को याने १८७७ मध्येच नोंदवून ठेवलं. त्यात रक्तदाब उतरला किंवा रुग्ण बरळू लागला, तर हातात काही तास उरलेले असतात. आता अशा वेळी तोंडावाटे दुर्बीण घालून, आतड्यातून नलिकेच्या झडपेला छेद देऊन खडा काढता येतो किंवा पित्ताला वाट करून द्यायला नळी ठेवता येते. या उपचाराला ईआरसीपी म्हणतात. झडप कापण्याचं हे तंत्र १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये स्वतंत्रपणे सुरू झालं आणि त्याने असंख्य जीव वाचवले.

तोच खडा स्वादुपिंडाच्या तोंडाशी बसला, तर प्रकरण आणखी गंभीर. १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात यूजीन ओपी या तरुण डॉक्टरला एका शवविच्छेदनात त्या सामाईक तोंडात अडकलेला लहानसा खडा दिसला आणि त्यामागे उद्ध्वस्त झालेलं स्वादुपिंड. या दोहोंचा संबंध तेव्हा स्पष्ट झाला. अन्न पचवणारे स्राव अडून राहिले की स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. पोटातून थेट पाठीत घुसणारी, पुढे वाकून बसल्यावर किंचित कमी होणारी वेदना ही त्याची खूण. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाची जगभरात दोन मुख्य कारणं आहेत, दारू आणि पित्ताचे खडे. बहुतेक रुग्ण आठवड्याभरात सावरतात. पण थोड्यांच्या बाबतीत मूत्रपिंडं, फुफ्फुसं एकामागून एक थकतात आणि अतिदक्षता विभागात महिने जातात. घरची जमापुंजी संपते ती इथे. खड्यामुळे असा दाह होऊन गेला असेल आणि तो सौम्य असेल, तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून घ्यावं. ‘बरं वाटल्यावर बघू’ म्हणून घरी गेलेले काही जण दुसऱ्या, मोठ्या झटक्याने परत येतात.

मोठा खडा कधी पित्ताशयाची भिंत झिजवून थेट आतड्यात उतरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात बूच बसवतो. हे विरळा, बहुतेक वृद्धांत. एवढी नोंद पुरे.

औषधाने खडा विरघळत नाही का? थोड्यांचा विरघळतो. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल नावाचं पित्तक्षाराचं औषध आहे. मूळ अस्वलाच्या पित्तातलं. १९२७ मध्ये जपानच्या ओकायामात शोदा यांनी ते स्फटिकरूपात वेगळं केलं, आता ते कारखान्यात बनतं. खडे कोलेस्टेरॉलचे, सेंटिमीटरपेक्षा लहान, कॅल्शियम न धरलेले आणि पित्ताशय नीट चालणारं, एवढ्या अटी जुळल्या तर सहा महिने ते दोन वर्षं गोळ्या घेऊन खडे जातात. गोळ्या थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांत पुन्हा होतात, कारण खडे करणारी पिशवी जागेवरच असते. ध्वनिलहरींनी खडे फोडण्याचा प्रयोग १९८५ मध्ये म्युनिकमध्ये सुरू झाला आणि याच कारणाने मागे पडला. शिवाय फोडून होतं काय, एका मोठ्या खड्याचे पन्नास छोटे. ते कुठे जातात ते वर आलंच आहे.

कुळीथ आणि पानफुटी ही मुतखड्याची घरगुती औषधं. तिथे त्यांचा किती उपयोग होतो हा वेगळा वाद. पण मुतखडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा, आणि प्यायलेलं पाणी मूत्रपिंडातून वाहतं, पित्ताशयातून नाही. सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि लिंबू यांच्या उताऱ्याची कथा मजेशीर आहे. तो घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी शौचातून खरोखरच हिरवट गोळे पडलेले दिसतात आणि तो फोटो पुढे पाठवतो. न्यूझीलंडमध्ये एका रुग्णाने असे गोळे तपासायला आणून दिले. सीज आणि ब्रूकर यांनी त्याचा निकाल २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात छापला. गोळ्यांत कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन नाही, कॅल्शियमही नाही. चाळीस अंशांना ते वितळून हिरवं तेल होतं. तेल आणि लिंबाचा रस यांच्यापासून आतड्यात तयार झालेला तो साबण होता. रुग्णाचे खरे खडे पित्ताशयातच होते.

उपाय म्हणाल तर पिशवीच काढणं. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख याने १५ जुलै १८८२ रोजी ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. तोवर सर्जन पित्ताशय उघडून खडे काढत आणि पिशवी ठेवून देत. लांगेनबुखचं म्हणणं होतं की खडे आहेत म्हणून नव्हे, ती खडे बनवते म्हणून पिशवी काढायची. आधी प्रेतांवर सराव करून मग त्याने सोळा वर्षं कळा सोसलेल्या ४३ वर्षांच्या माणसावर हात चालवला. दुसऱ्या दिवशी तो रुग्ण सिगार ओढत होता. पुढची शंभर वर्षं ही शस्त्रक्रिया म्हणजे पोटावर वीतभर छेद आणि महिनाभर विश्रांती.

१२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावात एरिख म्यूहे याने बारीक छिद्रातून दुर्बीण घालून पित्ताशय काढलं. सर्जनांच्या जर्मन संघटनेने त्याचं हसू केलं. एक रुग्ण दगावल्यावर त्याच्यावर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. १९९० मध्ये तो निर्दोष सुटला, तोवर ही पद्धत जगभर रूढ होऊ लागली होती, आणि १९९२ मध्ये त्याच संघटनेने त्याचा सन्मान केला. भारतात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९० मध्ये, डॉ. तेहेमतन उडवाडिया यांच्या हातून. दुर्बीण त्यांनी १९७२ पासूनच वापरायला घेतली होती, निदानासाठी. सरकारी रुग्णालयातला गरीब माणूस लवकर कामावर परतला पाहिजे, म्हणून ही पद्धत श्रीमंतांपेक्षा त्याच्याच अधिक गरजेची आहे, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो आजही तितकाच पटतो. आता पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून केलेली जागा, आणि बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी.

शस्त्रक्रिया नेहमीची आहे म्हणून क्षुल्लक नाही. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली जाणं, हा तिचा सगळ्यात मोठा धोका. हजारात तीन ते पाच जणांच्या बाबतीत तो घडतो. ब्रिटनचे अँथनी ईडन परराष्ट्रमंत्री असताना १९५३ मध्ये लंडनला त्यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि नलिकेला इजा झाली. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, तिसरी बोस्टनला जाऊन. पुढे पंतप्रधान झाल्यावरही त्यांना वरचेवर तापाचे झटके येत. १९५६ च्या ऑक्टोबरात, सुएझ कालव्याचा पेच ऐन भरात असताना, ते असेच तापाने फणफणले होते. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. सुएझचा निर्णय तापाने बिघडला की स्वभावाने, यावर इतिहासकार अजून भांडतात. सांगायचं ते असं, की सूज फार असेल, नळ्या ओळखू येत नसतील, तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणारा सर्जन हरलेला नसतो. ‘दुर्बिणीतूनच करा’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

पित्ताशयाविना माणूस व्यवस्थित जगतो. घोड्याला आणि उंदराचा मोठा भाऊ शोभणाऱ्या घुशीच्या जातभाईला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटला, पित्ताशय मुळातच नसतं. यकृतातलं पित्त थोडं थोडं सतत आतड्यात उतरत राहतं. काहींना सुरुवातीचे आठवडे तेलकट जेवणानंतर शौचाला पातळ होतं. बहुतेकांचं ते थांबतं. जन्मभर भात-वरणावर राहण्याची गरज नसते.

शस्त्रक्रियेनंतर खडे प्लास्टिकच्या डबीत घालून नातेवाइकांच्या हातात देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि ती डबी आठवडाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली जाते. दाखवावी, हरकत नाही. पण जिच्यात ते खडे होते ती पिशवी पॅथॉलॉजीच्या तपासणीला गेली की नाही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. डोळ्यांना साध्या दिसणाऱ्या पित्ताशयात क्वचित सुरुवातीचा कर्करोग दडलेला असतो आणि तो त्या तपासणीतच सापडतो. तो अहवाल यायला काही दिवस लागतात. टाके दाखवायला जाल तेव्हा तो मागून घ्या, आणि फाइलमध्ये ठेवून द्या.